सिन्नरच्या वाटेवर जाते, जलसा आणि आजोबांची हलगी

आमच्या घरात सुट्टी मिळाली की मुले समुद्र म्हणतात आणि आम्ही गाव म्हणतो. या वेळी तडजोड अशी झाली की आधी लेणी पाहायची, मग गाव. माघ पौर्णिमेला जोडून चार दिवसांची रजा काढली आणि सकाळच्या गाडीने कल्याणहून नाशिकरोडला निघालो. प्रवासाचे खरे कारण मात्र वेगळे होते. सिन्नर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित गाव आहे. तेथे आमच्या आत्या काकांजवळ राहतात. वय पंच्याऐंशीच्या घरात. त्यांना जात्यावरच्या शेकडो ओव्या येत असत. काकांचा फोन आला होता, "आक्काला आता नावं आठवंनाशी झाली. गाणं ऐकायचं असंल तर यंदाच या."

कसाऱ्याच्या घाटात शेजारच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी मोबाईलवर भीमगीत लावले. आवाज प्रल्हाद शिंदे यांचा होता. तो आवाज आम्ही चाळीच्या गॅलरीत, लग्नाच्या मांडवात, चैत्यभूमीच्या रांगेत, कुठे म्हणून ऐकला नाही? आठवीतल्या आमच्या मुलीने विचारले, "हे गाणं लिहिलं कुणी?" आम्ही वामनदादा कर्डकांचे नाव सांगितले. तिचा पुढचा प्रश्न, "ते कितवी शिकले होते?" आम्ही म्हटले, "उद्या त्यांच्याच गावाला जाऊ, तिथे सांगतो." गाडी इगतपुरीला थांबली आणि वड्याच्या गडबडीत तो विषय तेवढ्यावर राहिला.

नाशिकला उतरल्यावर प्रथम त्रिरश्मी लेण्यांकडे गेलो. रिक्षावाला 'पांडवलेणी' म्हणाला. सगळेच म्हणतात. पण लेण्यांतल्या शिलालेखांत या डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे आहे आणि पांडवांचा तेथे काही संबंध नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे लागते. चोवीस लेणी आहेत. पायऱ्या चढून गेलो तर खाली बुद्धस्मारकाचा घुमट आणि पलीकडे सगळे नाशिक पसरलेले दिसते. एका लेखात नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले आणि त्याच्या व्याजातून भिक्खूंना चीवरे द्यावीत अशी व्यवस्था केली, असे कोरलेले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी येथे कष्टकऱ्यांच्या संस्थेवर राजघराण्याचा एवढा भरवसा होता.

पण आम्ही जास्त वेळ थांबलो ते तिसऱ्या लेण्यापाशी. तेथे गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी या आजीने हे लेणे भिक्खुसंघाला दान दिले आणि त्या निमित्ताने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे गुण प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत कोरून ठेवले. एका आईने मुलाचे गायलेले हे कौतुकच आहे. ते वाचता वाचता आम्हाला आमच्या आत्यांची आठवण झाली. आमच्या बायाबापड्यांनी बाबासाहेबांना ओव्यांतून कधी भाऊ म्हटले, कधी लेक म्हटले, कधी बाप म्हटले. त्यांच्याजवळही दगडच होता, फक्त तो गोल फिरणारा होता आणि त्यावर अक्षर उमटत नव्हते.

दुपारी पंचवटीत काळाराम मंदिराच्या दरवाजापर्यंत जाऊन आलो. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे अनेक वर्षे नेटाने चालवला. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आत जाण्याची आम्हाला इच्छा नव्हती. मुलांना बाहेरचा रस्ता दाखवायचा होता, कारण लाठ्या आणि दगड झेलले गेले ते बाहेर.

या सत्याग्रहाची बातमी खेडोपाडी कोणी नेली? वर्तमानपत्र वाचणारे किती होते? ती नेली जलशांनी. आपल्या तरुण वाचकांसाठी हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण 'जलसा' म्हटले की त्यांना ऑर्केस्ट्रा वाटतो.

जुना तमाशा आपल्याच लोकांनी वाढवला. त्याची मांडणी ठरलेली होती. आधी गण, मग गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग. ढोलकी, तुणतुणे, कडे, झांज ही वाद्ये. गळा आमचा, घाम आमचा, आणि नाचणाऱ्या बाईकडे पाहणारी नजर मात्र दुसऱ्याची. सत्यशोधकांनी हाच साचा उचलून त्यात जोतिरावांचे विचार भरले. पुढे १९३० च्या सुमारास आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे त्यातले अग्रणी. त्यांनी पुढे 'आंबेडकरी जलसे' या नावाचे पुस्तकही लिहून ठेवले, ते मिळाले तर जरूर वाचावे. या मंडळींनी काय केले? नाचणारी बाई काढून टाकली. गणात गणपतीच्या जागी बाबासाहेबांना वंदन आणले. कृष्ण आणि गौळणींची छेडछाड बंद केली. वगाला विषय घेतले ते मुलांना शाळेत घालण्याचे, मेलेली जनावरे न ओढण्याचे, कर्ज काढून लग्न न करण्याचे, देवळाच्या आणि पाणवठ्याच्या हक्काचे. ढोलकी आणि तुणतुणे मात्र ठेवले. गॅसबत्तीच्या उजेडात रात्रभर चाललेला जलसा पाहून सकाळी लोक कामावर जात आणि दिवसभर तीच गाणी गुणगुणत. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे खुद्द बाबासाहेब म्हणत, हे जुने कार्यकर्ते अभिमानाने सांगत असत.

याच संदर्भात पठ्ठे बापूरावांची हकीकत सांगितली जाते. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी आपल्या तमाशाच्या खेळाचे उत्पन्न सत्याग्रह फंडाला देऊ केले होते. बाबासाहेबांनी ते नाकारले. पवळाबाईंना, म्हणजे आपल्याच समाजातल्या स्त्रीला, नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. ही हकीकत ऐकून आम्हाला नेहमी अभिमान वाटतो. आणि थोडी रुखरुखही वाटते, कारण त्या पवळाबाईंना काय वाटले असेल हे कोणी लिहून ठेवलेले आमच्या वाचनात आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशवंडी. सिन्नर तालुक्यातले हे वामनदादांचे जन्मगाव. १५ ऑगस्ट १९२२ रोजी ते येथे जन्मले. गावात शिरताना दोन्ही बाजूंना कांद्याची शेते होती आणि रस्त्याच्या कडेला गोणी रचलेल्या होत्या. चहाच्या टपरीवर "वामनदादांचं गाव हेच ना?" असे विचारले तेव्हा चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. "तुम्ही लांबून आले, दादांच्या नावानं आले," एवढेच म्हणाला.

टपरीच्या बाकावरच आम्ही मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. वामनदादा शाळेत गेलेच नव्हते. पोटासाठी मुंबईला आले, शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले, मिळेल ते काम केले. एकदा कोणीतरी त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितले. अंगापिंडाने धडधाकट तरुण, पण अक्षर ओळखता येईना. त्या दिवशी ते रडले आणि मग चाळीतल्या देहलवी मास्तरांकडून मुळाक्षरे शिकले. वय तेव्हा विशीच्या आसपास. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचन पक्के झाले आणि १९४३ साली पहिले गीत लिहिले. त्यानंतर साठ वर्षे त्यांनी हजारो गीते रचली, गावोगाव फिरून गायली. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले. १९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. प्रल्हाद शिंदेही त्याच वर्षी गेले. एका वर्षात शब्दही गेला आणि आवाजही गेला.

मुलगी गप्प झाली. धाकट्याने विचारले, "मग मी पण शाळा सोडू का?" त्याला योग्य ते उत्तर त्याच्या आईने दिले.

देशवंडीहून आमच्या गावाला पोहोचेपर्यंत दुपार टळली. गावाचे नाव येथे देत नाही, कारण पुढची गोष्ट घरातली आहे.

आत्या ओट्यावर बसल्या होत्या. आम्हाला ओळखले, पण मुलांची नावे दोनदा विचारली. चहापाणी झाल्यावर आम्ही विषय काढला. आत्या हसल्या. "ओवी काय आशी मागितली की येती का बाळा? हात चालला पाहिजे." आम्ही आग्रह केला, त्यांनी सुरुवातही केली, पण दुसऱ्या ओळीला अडल्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा अडल्या. डोळ्यांत पाणी आले. "गेलं समदं," म्हणाल्या.

तेव्हा काकांच्या नातवाला सुचले. हा मुलगा सिन्नरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. "आजी, जातं काढू का?" जाते न्हाणीमागे पडलेले होते. वरची तळी पाण्याच्या माठाखाली आणि खालची कोंबड्यांच्या खुराड्याला टेकण म्हणून. गावात पिठाची गिरणी येऊन चाळीस-पन्नास वर्षे झाली, जात्याला विचारतो कोण? दोघा-तिघांनी मिळून तळ्या आणल्या, धुतल्या, मधला खुंटा नव्हता तर बाभळीचे लाकूड तासून बसवले. आत्यांनी मूठभर ज्वारी टाकली, समोर सूनबाईंना बसवले आणि खुंट्याला हात घातला.

वाचकहो, आम्ही डोळ्यांनी पाहिले म्हणून सांगतो. दोन फेरे फिरले आणि ओवी आली. अडखळली नाही. पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला असा मोजून मान देण्याची जुनी रीत असते. तेथे पूर्वी देवांची नावे यायची. आत्यांच्या ओव्यांत पहिला मान बुद्धाला होता, दुसरा बाबासाहेबांना, तिसरा रमाईला, चौथा आपल्या भावाला. चाल मात्र तीच, त्यांच्या आईची आणि आजीची. देव बदलले तेव्हा चाल बदलण्याची गरज त्यांना कोणालाच वाटली नाही. अकरा ओव्या झाल्या. मग दम लागला आणि आम्हीच हात धरून थांबवले. सगळे मोबाईलमध्ये टिपले आहे.

अशा ओव्या एकट्या आमच्या घरात नाहीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगाव फिरून, बायकांजवळ बसून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या कितीतरी आहेत. त्या आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात. आपल्या उपासिका भगिनींनी त्या जरूर ऐकाव्यात आणि आपल्या आजीच्या ओव्यांशी ताडून पाहाव्यात.

आता हलगीची गोष्ट. संध्याकाळी तोच मुलगा खोलीतून हलगी घेऊन आला. हल्लीची, पांढऱ्या फायबरच्या पानाची. पूर्वीच्या हलगीला बकऱ्याचे कातडे असे आणि वाजवण्याआधी ती शेकोटीवर तापवावी लागे. हिला तापवणे लागत नाही. डाव्या हाताने ती छातीशी धरून, उजव्या हातात जाड टिपरू आणि डाव्या हातात बारीक लवचीक काडी घेऊन त्याने असा ताल धरला की आमचा धाकटा जागच्या जागी नाचू लागला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे नको, आपण वीस पोरे हलगी वाजवू, असा त्याचा बेत आहे. डीजेला दीड-दोन तासांत जेवढा पैसा जातो तेवढ्यात वाचनालयाची पुस्तके येतील, हे त्याचे म्हणणे आम्हाला पटले.

काका बाहेरून आले, ते दारातच थांबले. "ठिव ते," एवढेच बोलले. आवाज चढवला नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, आता ही कला आहे. कॉलेजात सगळ्या जातीची पोरं वाजवत्यात." काका म्हणाले, "त्यांना कुणी सांगितलं नव्हतं वाजव म्हणून. आपल्याला सांगितलं व्हतं." आणि ते विहाराकडे निघून गेले.

रात्री जेवणानंतर आत्यांनी आम्हाला सांगितले ते असे. आमचे आजोबा उत्तम हलगी वाजवत. गावकीचे कामच होते ते. लग्न असो, जत्रा असो, पाटलाचा बैल मिरवायचा असो, निरोप आला की जायचे. मिरवणुकीत सर्वांच्या पुढे आणि देवळाच्या पायरीशी सर्वांच्या मागे. मोबदला म्हणजे भाकरतुकडा आणि सुगीचे बलुते. आत्यांच्या पाठचा एक भाऊ तापाने फणफणला होता. वय दीड वर्ष. गावात मोठ्या घरी लग्न होते. आजोबांनी निरोप पाठवला की आज जमणार नाही. उलट निरोप आला की मग बलुते पण जमणार नाही. आजोबा गेले. रात्रभर वाजवले. पहाटे घरी आले तेव्हा पोर गेलेले होते. आत्या म्हणाल्या, "आई त्यांच्यावर रडली न्हाई. हलगीवर रडली."

त्यानंतरही काही वर्षे ते वाजवतच होते. न वाजवून सांगणार कुणाला? बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्धचे बिल १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडले होते. कायदा होऊन कनिष्ठ वतने जायला १९५८ उजाडले. पण आजोबा कायद्याची वाट पाहत बसले नाहीत. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या गावातही पुढच्या वर्षी दीक्षेचा कार्यक्रम झाला. त्या रात्री त्यांनी हलगीचे कातडे सुरीने फाडले आणि कडे आढ्याला टांगले. ते लाकडी कडे अजून तेथेच आहे. आम्ही लहानपणी ते चाळणीचे कडे समजत होतो.

या प्रश्नावर आमच्यात, म्हणजे नवराबायकोत, एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकाचे म्हणणे, जी गोष्ट गुलामीची खूण होती ती जयंतीच्या मिरवणुकीत आणू नये. आजोबांनी फाडले ते आपण शिवायचे नाही. दुसऱ्याचे म्हणणे, ढोलकी आणि तुणतुणे तरी कोठून आले? तमाशातूनच आले ना? जलसेवाल्यांनी त्यातले अपमानाचे तेवढे काढले आणि वाद्य ठेवले. आजोबांना हलगीचा राग नव्हता, निरोपाचा राग होता. आज या पोराला निरोप कोणी पाठवलेला नाही. हा वाद आम्ही झोपेपर्यंत घातला. पलीकडच्या खाटेवरून आत्या म्हणाल्या, "झोपा आता. दोघं बी खरं बोलतात."

एक मात्र आम्हाला दिसले. काका ज्या भीमगीतांवर जीव टाकतात त्यांच्या कितीतरी चाली लावणीच्या, कव्वालीच्या आणि जुन्या सिनेमाच्या आहेत. १९५६ नंतर जलसे मागे पडून गायन पार्ट्या निघाल्या, रात्र रात्र कव्वालीचे सामने रंगले, मग कॅसेटी आल्या. आपल्या लोकांनी चाल कुठली हे कधी विचारले नाही, शब्द कुणाचे आणि कुणासाठी हे विचारले. पण चाल परक्याची असली तर चालते आणि वाद्य आपल्याच आजोबांचे असले तर चालत नाही, यात काही अडचण आहे की शहाणपण आहे, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. वाचकांनी आपल्या घरातले अनुभव जरूर कळवावेत. विशेषतः ज्यांच्या आजोबांनी डफडे, सनई किंवा संबळ खाली ठेवली, त्यांनी.

सकाळी निघताना एक छोटीशी गोष्ट घडली. काका आढ्याखाली उभे होते. नातवाला म्हणाले, "स्टूल आण." मुलाने स्टूल आणले. काकांनी कडे खाली काढले, त्यावरची जळमटे धोतराने पुसली, दोन्ही हातांत धरून पाहिले आणि पुन्हा होते तेथेच टांगले. पण या वेळी आढ्याच्या अंधारात टांगले नाही. दाराशेजारी बाबासाहेबांची तसबीर आहे, तिच्या खालच्या खुंटीला अडकवले. मुलगा काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. एस.टी.ची वेळ झाली होती.

मुंबईला आल्यावर मुलीने अकरा ओव्या वहीत उतरवून काढल्या. नवव्या ओवीतले दोन शब्द काही केल्या लागेनात. जात्याच्या घरघरीत ते बुडाले आहेत. म्हणून परवा आत्यांना फोन लावला आणि ओवीची सुरुवात म्हणून दाखवली. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "आसं न्हाई सांगता येत पोरी. जात्यापाशी बसावं लागंल. खुंटा हाये अजून. उन्हाळ्याच्या सुट्टीत ये."